गाय माजावर का येत नाही?

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात शेती बव्हंशी पावसावर अवलंबून आहे. आणि ज्याची शेती पावसावर, त्याचे गोधनही पावसावरच. उन्हाळ्याच्या अखेरीस चारा सरतो, जनावरांची हाडे दिसू लागतात आणि माघात व्यालेली गाय पोळा आला तरी माजावर येत नाही. मग तिला भाकड ठरविले जाते आणि विकण्याचा विचार सुरू होतो. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा. व्याल्यानंतर तीन महिन्यांच्या आत ती पुन्हा गाभण राहिली, तरच वर्षाकाठी एक वेत पदरात पडते. हुकलेला प्रत्येक माज म्हणजे एकवीस दिवसांचा फुकट चारा होय.

परंतु वरून शांत दिसणाऱ्या गाईचे बीजांडकोश खरोखर निजलेले असतात काय? बहुतेक वेळा नसतात.

कालवड जन्मते तेव्हाच तिच्या बीजांडकोशांत लाखाच्या घरात सूक्ष्म पुटके असतात. पुटक, म्हणजे पशुवैद्यक ज्याला फॉलिकल म्हणतात ते, स्त्रीबीज सांभाळणारे कवच होय. वाढीस लागले की त्यात द्रव साठतो. ही पुटके एकामागून एक नव्हे, तर लाटांनी वाढत असावीत, असा विचार राजाकोस्की या संशोधकाने १९६० साली मांडला. पुढे पियरसन आणि गिंथर यांनी १९८४ मध्ये ध्वनिलहरींच्या यंत्राने, म्हणजे सोनोग्राफीने, जिवंत गाईच्या बीजांडकोशांचे निरीक्षण करण्याची वाट दाखविली. त्या पद्धतीमुळे एकाच गाईची पुटके रोजच्या रोज पाहता आली आणि लाटांची गोष्ट पक्की झाली. एकवीस दिवसांच्या ऋतुचक्रात अशा दोन किंवा तीन लाटा येतात.

प्रत्येक लाटेचा प्रारंभ मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीपासून होतो. तिच्यातून एफएसएच हे संप्रेरक रक्तात उतरते आणि पुटकांचा एक घोळका वाढू लागतो. दोन-तीन दिवसांत त्यांतील एक पुटक पुढे सरते. ते स्वतःच इस्ट्रोजेन व इनहिबिन निर्माण करून एफएसएचचा पुरवठा घटविते. पाटाचे पाणी आटल्यावर ज्याचे मूळ खोल गेले तेच रोप तगावे, तसा हा प्रकार. बाकीची पुटके सुकतात. हे थोरले पुटक मात्र पोष ग्रंथीच्या एलएच या दुसऱ्या संप्रेरकावर जगते. विदेशी गाईंत ही निवड पुटक साधारण साडेआठ मिलिमीटरचे झाल्यावर होते, तर वशिंडाच्या देशी गाईंत ते त्याहून लहान असतानाच.

थोरल्या पुटकाचे पुढे काय होणार, हे एलएच किती वेगाने स्रवते यावर ठरते. मागच्या माजानंतर बनलेला पीतपिंड प्रोजेस्टेरॉन सोडीत असतो, तोवर हा वेग मंद राहतो आणि पुटक विरून जाते. गाय गाभण नसेल तर सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन येते आणि पीतपिंड नष्ट होतो. मग एलएचचे ठोके जलद होतात, इस्ट्रोजेन वाढते, गाय हंबरते, दुसऱ्या जनावरांवर चढते आणि काचेसारखा सोट टाकते. माज सुरू झाल्यापासून साधारण अठ्ठावीस-तीस तासांनी पुटक फुटते. सकाळी माज दिसला तर सायंकाळी रेतन करावे, या जुन्या नियमाचे मूळ येथे आहे.

आता हाडे दिसू लागलेल्या गाईकडे पाहू. तिच्यातही लाटा उठतात, थोरले पुटकही तयार होते. परंतु खाण्यातून मिळणारी शक्ती दूध व देहधारणा यांनाच पुरत नसल्याने मेंदू एलएचचे ठोके आवरून धरतो आणि पुटक न फुटताच विरते. वासरू दिवसभर गाईपाशी मोकळे असेल, तर त्याच्या चोखण्यानेही हेच घडते. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतल्यापासून कडबा घटला आहे. आणि नुसता कडबा असला तरी त्यात प्रथिने व स्फुरद अपुरेच. व्यालेल्या गाईला हिरवा चारा, पेंड आणि खनिज मिश्रण मिळणे हा या ठिकाणी लाड नव्हे, उपचार होय. तो विण्यापूर्वीच सुरू झाला पाहिजे, कारण आज फुटणारे पुटक काही महिन्यांपूर्वी वाढीस लागलेले असते.

दवाखान्यात मात्र मागणी होते ती इंजेक्शनची. प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन पीतपिंड असेल तरच काम करते. पीतपिंड नसलेल्या गाईत ते वाया जाते. त्याहून वाईट म्हणजे, गाय गाभण असताना ते दिले गेले तर गर्भपात होऊ शकतो. माज न दिसणारी गाय गाभणच निघाली, असा अनुभव पशुवैद्यकांना नवा नाही. त्यामुळे तपासणी आधी, सुई नंतर, हा क्रम मोडता कामा नये. जीएनआरएच, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, पुन्हा दोन दिवसांनी जीएनआरएच आणि मग ठरल्या वेळी रेतन, ही पद्धत १९९५ पासून जगभर रूढ झाली आहे. खऱ्या अर्थाने थबकलेल्या गाईसाठी प्रोजेस्टेरॉनचे साधन काही दिवस योनीमार्गात ठेवून ते काढून घेतात. दोन्ही उपाय उपयुक्त आहेत; पण उपाशी गाईत दोन्हींचे यश तोकडे.

ग्रामपंचायतीला येथे दोन गोष्टी सहज करता येतील. गावात एक भक्कम खोडा उभारला, तर तपासणी निर्धास्तपणे होते. दुसरी गोष्ट वहीची. कानातील बिल्ल्याच्या बारा अंकी क्रमांकापुढे विण्याची, माजाची व रेतनाची तारीख लिहावी. शाळेतील वरच्या वर्गांची मुले हे काम हौसेने करतील. रेतनानंतर अठराव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंत त्या गाईकडे पहाटे व रात्री लक्ष ठेवावे, कारण देशी गाईंचा माज अल्पकाळ टिकतो आणि पुष्कळदा रात्रीच येतो. ती उलटली नाही, तरी दोन-तीन महिन्यांनी गर्भतपासणी करून घ्यावी व निकाल त्याच ओळीत नोंदवावा.