आधी केंद्र शोधा

निर्देशक भूमितीत वर्तुळ आलं की मुलं थेट सूत्रावर झडप घालतात आणि आकडेमोडीत अडकतात. ही अडचण टाळता येते. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

आमच्या बंगळूरच्या जयनगरात पत्ता सांगताना ब्लॉक, मेन आणि क्रॉस सांगतात. १९४८ साली वसवायला घेतलेल्या या वस्तीत मेन आणि क्रॉस बहुतेक ठिकाणी काटकोनात छेदतात. दोघांचे क्रमांक कळले की चौक सापडतो. बिंदूची जागा संख्यांनी सांगायची, ही कल्पना गणितात रुजली ती रने देकार्त यांच्या १६३७ सालच्या ग्रंथामुळे.

आता असाच एक चौक आरंभबिंदू माना, क्रॉस हा क्ष-अक्ष आणि मेन हा य-अक्ष. तिथे एका मैत्रिणीचं घर. दुसरीचं घर क्रॉसवर ६ एकक दूर, तिसरीचं मेनवर ८ एकक दूर. तिघींपासून सरळ रेषेत सारख्या अंतरावर भेटायचं, तर कुठे?

ती जागा म्हणजे तिन्ही घरांतून जाणाऱ्या वर्तुळाचं केंद्र. तिन्ही बिंदू वर्तुळाच्या सामान्य समीकरणात घालून तीन समीकरणं सोडवली तर उत्तर मिळेलच. पण आधी आकृती काढा. चौकात काटकोन आहे. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, आणि याचं उलटही खरं आहे. म्हणजे समोरची बाजू, म्हणजेच कर्ण, हा वर्तुळाचा व्यास. केंद्र कर्णाच्या मध्यावर, (३, ४) इथे. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण १०, त्रिज्या ५. समीकरण तयार: क्ष वजा ३ चा वर्ग, अधिक य वजा ४ चा वर्ग, बरोबर २५.

चौकातून या वर्तुळाला स्पर्शिका काढायची असेल, तरी वेगळं सूत्र नको. स्पर्शिका त्रिज्येला लंब असते. त्रिज्येचा चढ ४ छेद ३, म्हणून स्पर्शिकेचा वजा ३ छेद ४. झाली रेषा: ३ क्ष अधिक ४ य बरोबर शून्य.

तीन बिंदूंच्या त्रिकोणात काटकोन नसेल तर दोन बाजूंचे लंबदुभाजक काढा. ते छेदतील तिथे केंद्र.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, वर्तुळाचा प्रश्न हाती आला की दोनच गोष्टी विचारा: केंद्र कुठे, त्रिज्या किती? आणि शिक्षकांना कळकळीची विनंती, फळ्यावर समीकरणाआधी आकृती येऊ द्या. ज्याला आकृती दिसते, त्याला आपलं उत्तर बरोबर की चूक हे स्वतःच ताडून पाहता येतं.