सोळाव्या वर्षाचे ऑपरेशन
(द्रोणागिरी येथे मुलींच्या बैठकीत केलेले भाषण)



स्कॉट वेस्टरफेल्डची ‘अग्लीज’ ही कादंबरी २००५ साली आली. तिच्यातल्या शहरात सोळा वर्षे पूर्ण झाली की प्रत्येकाचे ऑपरेशन होते आणि सगळे एकाच साच्यातले सुंदर होतात. नायिका टॅली त्या दिवसाकडे डोळे लावून बसलेली असते. पुढे तिला कळते, की चेहऱ्याबरोबर मेंदूलाही हात लावतात. मग कुणी भांडत नाही, कुणी प्रश्न विचारत नाही.

आपल्याकडे सुरीसुद्धा लागत नाही. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आले. २०२० मध्ये नावातले ‘फेअर’ गेले, ट्यूब राहिली. कांदेपोह्यांच्या वेळी “मुलगी जरा सावळीच आहे” हे अजून ऐकू येतेच. (मुलाचा रंग कोण विचारतो!)

या उरण भागात मिठागरांत, भातखाचरांत बाया उन्हात राबत आल्या. त्यांची कातडी रापली ती कामाने. त्या रंगाची लाज आपल्याला कुणी शिकवली? टॅलीला निदान ऑपरेशनची तारीख ठाऊक होती. आपले कधी झाले, ते आज एकमेकींना विचारू या. सुरुवात कोण करते?