गाडीची किल्ली आणि घरातील शिस्त

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेस जोडून वणी येथे झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण. वक्ते रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात कार्यरत आहेत.)



वर्षभरात किती शस्त्रक्रिया झाल्या, कोणते नवे उपकरण आले, याचा आढावा आमच्या विभागाने या सभेत मांडावा अशी प्रथा आहे. तो आढावा छापून आपल्या हाती दिलेला आहे. त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने आज एका घरगुती विषयावर बोलणार आहे. वयात आलेल्या मुलाच्या हाती आपण गाडी देतो. त्या मोकळिकीचा त्याने गैरवापर केला, तर आईवडिलांनी नेमके काय करावे? हाडे जोडणाऱ्या माणसाने या विषयात पडावे हे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. पण या प्रश्नाचे उत्तर ज्या घरात सापडत नाही, त्या घरातील मूल कधी ना कधी आमच्या टेबलावर येते, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

काही वर्षांपूर्वीची, पावसाळ्यातील एक रात्र आठवते. सोळा वर्षांचा एक मुलगा मांडीचे हाड मोडलेल्या अवस्थेत आणला गेला. कोळशाच्या ट्रकला मागे टाकण्याच्या नादात चिखलावरून गाडी घसरली होती. मागे बसलेल्या त्याच्या मित्राच्या डोक्याला मार होता; त्याला प्राथमिक उपचार करून आम्ही नागपूरला रवाना केले होते. अपघाताच्या प्रकरणात रुग्णालयाने पोलिसांसाठी जी नोंद करायची असते ती मी लिहीत होतो. तेवढ्यात मुलाचे वडील जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘‘डाक्टरसाहेब, गाडी पोट्टा नाही, मीच चालवत होतो, असं लिहून घ्या जी.’’ विम्याचा प्रश्न होता, पोलिसांचा होता, आणि खोटे कशाला बोलू, पोटच्या मुलाची कणवही होतीच. मी जे घडले तेच लिहिले. ते गृहस्थ पुढे पुष्कळ दिवस माझ्याशी बोलत नव्हते. त्यांचा राग मला समजतो. परंतु त्या रात्रीचे मला जे विसरता येत नाही ते निराळेच आहे. मुलगा शुद्धीवर होता. दोन हातांवरच्या खाटेवर पडल्या पडल्या तो वडिलांचे बोलणे ऐकत होता. आपण केलेले आपले वडील आपल्या नावावरून पुसून टाकू शकतात, हे तो त्या क्षणी शिकत होता. त्याचा मित्र वाचला. मात्र त्याचे बारावीचे वर्ष गेले.

आपल्या वणी परिसरात मुलांच्या हाती गाडी लवकर का जाते, याची कारणे आपण सर्व जाणतो. शिरपूर, कायर, राजूर अशा गावांतून मुले पहाटे शिकवणीला शहरात येतात. बसची वेळ आणि शिकवणीची वेळ जुळतेच असे नाही. २०२१ च्या अखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा ‘पोरांचे नुकसान नको’ म्हणून कित्येक घरांनी जुनी दुचाकी मुलाच्या स्वाधीन केली. पुढे बस सुरू झाली. गाडी मात्र परत घेतली गेली नाही. दहावीचा निकाल लागला की पेढ्यांच्या पाठोपाठ दारात गाडी उभी करण्याची हौस आहे, ती वेगळीच. आणि हे सारे कोणत्या रस्त्यांवर? उकणी, निलजई, मुंगोली या खाणींचा कोळसा ज्या रस्त्यांनी ट्रक भरभरून जातो त्या रस्त्यांवर. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात काळा राडा. तेथे तरबेज चालकाचीही परीक्षा असते.

कायद्यासंबंधी आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. ‘सोळा वर्षांनंतर बिनगिअरची गाडी चालते,’ असे पालक मला ठामपणे सांगतात. कायद्यातील ही सवलत ५० सीसीपर्यंतच्या इंजिनापुरती आहे, आणि तीही परवाना काढल्यावर. आज दारोदारी दिसणाऱ्या पेट्रोलच्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या वरच्या आहेत. म्हणजे ज्या गाडीसाठी ती सवलत होती ती गाडी बाजारातून गेली, आणि सवलत तेवढी लोकांच्या तोंडी राहिली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली तिने अल्पवयीन मुलाच्या अपराधासाठी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला जबाबदार धरले आहे. तीन वर्षांपर्यंत कारावास, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण पुरती खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भारही पालकावरच आहे.

‘मुलाने न विचारता किल्ली उचलली, त्यात माझा काय दोष?’ हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. दिल्लीतील एका प्रकरणात नात्यातील अल्पवयीन मुलाने घरातून किल्ली घेतली, मोटारसायकल नेली, आणि अपघातात एका माणसाचा जीव गेला. विमा कंपनीने मृताच्या वारसांना दिलेली भरपाई गाडीच्या मालकाकडून वसूल करावी, हा आदेश न्यायालयाने २०११ साली कायम ठेवला. गाडीचा गैरवापर होणार नाही हे पाहण्याची जबाबदारी मालकाची होती, असे त्यामागचे म्हणणे. आपल्याकडे अशी वसुली आली की ती शेतीच्या तुकड्यापर्यंत पोहोचते, हे येथे बसलेल्या शेतकरी बांधवांना मी सांगायला नको.

आता ज्या प्रकरणाने साऱ्या महाराष्ट्राला अस्वस्थ केले त्याकडे वळतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असलेल्या महागड्या मोटारीने एका दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते, एक मुलगा व एक मुलगी, जागीच गेले. काही तासांतच बाल न्याय मंडळाकडून मुलाला जामीन मिळाला. त्याच्या अटींत रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. त्या निबंधावर लोक संतापले. पुढे त्याला निरीक्षणगृहात पाठविण्यात आले, जून महिन्यात उच्च न्यायालयाने त्याची सुटका केली, आणि त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने २०२५ च्या जुलैमध्ये फेटाळली.

निबंधाची थट्टा पुष्कळ झाली. मला मात्र त्या प्रकरणातील दुसरी गोष्ट अधिक झोंबली. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. गाडी आपण चालवीत होतो असे सांगावे म्हणून कुटुंबाच्या वाहनचालकावर दबाव आणल्याचा आरोप झाला, आणि मुलाचे वडील, आई व आजोबा या तिघांनाही निरनिराळ्या आरोपांखाली अटक झाली. या आरोपांचा निर्णय न्यायालयाने करावयाचा आहे. त्यावर येथे मत देण्याचा मला अधिकार नाही. पण ‘गाडी दुसराच चालवीत होता’ हे वाक्य वर्तमानपत्रात वाचले तेव्हा मला ती पावसाळ्यातील रात्र आठवली. पुण्यातील कोट्यधीशाचे घर आणि आपल्याकडील मध्यम परिस्थितीचे घर यांत पैशाचे अंतर मोठे असेल. मुलाचे निस्तरण्याची ओढ मात्र दोन्हीकडे सारखीच आहे. वाहतूक पोलिसाने गाडी अडवली की मुलगा आधी वडिलांना फोन लावतो, वडील ओळखीच्या पुढाऱ्याला लावतात, आणि दहा मिनिटांत गाडी सुटते. ‘आपला बाबू आहे, सोडून द्या’ हे पाच शब्द मुलाला जे शिकवतात ते कोणत्याही व्याख्यानाने पुसले जात नाही.

तेव्हा शिस्त म्हणजे काय? मारहाण नव्हे, एवढे प्रथम सांगतो. चारचौघांत, विशेषतः मित्रांसमोर केलेला अपमानही नव्हे; त्याचा सूड मुलगा रस्त्यावर उगवतो. या वयात धोक्याची समज असते, पण मित्र मागे बसला की ती समज मागे पडते. मेंदूतील आवर घालणारा भाग पंचविशीच्या आसपास पुरता पक्व होतो, असे मज्जाशास्त्र सांगते. हे ओळखूनच न्यूझीलंड देशाने १९८७ साली टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली. नव्या चालकाने आरंभीच्या काळात रात्री उशिरा एकट्याने गाडी चालवायची नाही, सोबत मित्रमंडळी बसवायची नाही, असे तिचे स्वरूप आहे. पुढे अनेक देशांनी ती उचलली. आपल्या कायद्यात ही पायरी नाही. घरात ती आपल्याला घालता येते, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

येथे मला माझ्याच घरातले सांगावे लागेल. माझ्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर रीतसर परवाना मिळाला आणि मी त्याला माझी दुचाकी वापरू दिली. तीन महिन्यांनी आमच्याच एका रुग्णाच्या नातेवाइकाने संकोचत सांगितले की, वरोरा रस्त्यावर रात्री अकरा वाजता तो तिघांना घेऊन, हेल्मेट न घालता, भरधाव जाताना दिसला. मी घरी गेलो, नको तेवढा ओरडलो, आणि ‘आजपासून गाडी कायमची बंद’ असे जाहीर करून किल्ली कपाटात ठेवली. ही ‘कायमची’ शिक्षा चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी मी शस्त्रक्रियागृहात होतो, माझ्या आईचे औषध संपले होते, दळण गिरणीत पडले होते, आणि पत्नीने किल्ली त्याला काढून दिली. तिचे काय चुकले? वाढत्या वयाचा मुलगा म्हणजे साऱ्या घराचा बिनपगारी ड्रायव्हर असतो. त्याची गाडी बंद केली की घराचे चाक अडते. म्हणून शिक्षा मोडतो ते आपणच, आपल्या सोयीसाठी. वडिलांच्या तोंडी ‘कायमची’ याचा अर्थ चार दिवस, एवढे मुलगा शिकला.

पुन्हा तक्रार आली तेव्हा मी ओरडलो नाही. आम्ही तिघे रात्री जेवणानंतर बसलो आणि सगळे ठरवून कागदावर लिहिले. गाडी तीन आठवडे बंद. किती दिवस ते आधीच ठरलेले, एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही. त्या काळात औषध मी आणायचे, दळण मी न्यायचे. त्याने महाविद्यालयात सायकलने जायचे. नंतर पहिले सहा महिने मागे मित्र बसवायचा नाही, रात्री नऊनंतर गाडी काढायची नाही. दंडाची पावती आली तर ती त्याच्या खर्चाच्या पैशातून भरायची, आणि भरायला त्यानेच जायचे. मी कोणालाही फोन करणार नाही. एक गोष्ट त्याने मागितली आणि मी मान्य केली. रात्री कुठे अडकलो, गाडी चालविण्याच्या स्थितीत नसलो, तर मी फोन करीन, तुम्ही न्यायला या, आणि सकाळपर्यंत काही बोलू नका. या एका कलमाने मला जितके निश्चिंत केले तितके बाकीच्यांनी केले नाही.

ते तीन आठवडे मला जड गेले, त्याच्यापेक्षाही अधिक. रात्रीच्या तातडीच्या कामानंतर सकाळी दळणाचा डबा खांद्यावर घेऊन जाताना दोनदा मनात आले की पुरे झाले आता. आईनेही एकदा सुचवून पाहिले, ‘‘लेकरू सायकलनं दमते रे.’’ आजीचे मन ते. पण कागद भिंतीवर होता.

आमच्या देणगीदारांना एक विनंती येथेच करतो. अपघात विभागासाठी आपण उदार हस्ते देता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. नातवाला, पुतण्याला गाडी भेट देण्याचा प्रसंग आपल्याकडे आला, तर आधी त्याचे वय आणि परवाना विचारा, आणि गाडीबरोबर हेल्मेट द्या, तेही दोन. मागे बसणाऱ्याचे डोके काही वेगळ्या मातीचे नसते. रुग्णांच्या नातेवाइकांनाही सांगतो. अपघाताची नोंद करताना आमचे डॉक्टर जे विचारतील त्याचे खरे उत्तर द्या. खोट्या माहितीने उपचारही चुकू शकतो. गाडी चालविणाऱ्याला आणि मागे बसलेल्याला होणाऱ्या इजा पुष्कळदा वेगळ्या असतात, आणि आम्ही त्या माहितीवरून शरीरात कुठे शोधायचे ते ठरवतो.

तीन आठवड्यांनी किल्ली परत दिली तेव्हा मुलानेच एक वही आणली. गाडीचा मीटर पाहून रोजचे किलोमीटर तो तीत लिहू लागला. मी सांगितले नव्हते. दीड महिन्याने मी सहज वही चाळली, तर एका दिवशी नेहमीपेक्षा बारा किलोमीटर जास्त होते. पुढे त्याच्याच अक्षरात लिहिले होते: ‘राजूर. मित्राला सोडले. नियम मोडला.’ आणि त्याखाली, पुढच्या तीन दिवसांच्या रकान्यांत, शून्य, शून्य, शून्य. मी वही होती तशी जागेवर ठेवली आणि रुग्णालयात निघून आलो.