राष्ट्राचे सुख कोणत्या मापाने मोजावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वरवंड येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनी दोन शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. विषय मीच निवडला आहे. ऐकताना तो जड वाटेल, पण तो आपल्या चुलीपासून फार दूर नाही. देशाचे बरे चालले आहे की नाही, हे ठरवायचे कसे, एवढाच तो प्रश्न आहे.

दूध लिटरने मोजतात, कापड मीटरने, धान्य पूर्वी पायलीने मोजत. ज्या वस्तूचे जे माप, तेच तिला लावावे लागते. पायलीने कापड मोजू लागलो तर लोक हसतील. राष्ट्राच्या बाबतीत मात्र आपण एकाच मापाने सारे मोजत आलो, आणि ते माप म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न. वर्षभरात देशात किती माल तयार झाला, किती सेवा विकल्या गेल्या, त्यांची रुपयांत बेरीज करायची आणि ती वाढली की देश सुखी झाला असे समजायचे.

हे माप टाकाऊ आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. दादाभाई नौरोजींनी १८७६ साली मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. माणशी वार्षिक उत्पन्न अवघे २० रुपये पडते, असा हिशेब त्यांनी मांडला. पण ते त्या आकड्यावर थांबले नाहीत. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राला वर्षाला किती खर्च येतो, तो आकडा त्यांनी शेजारी ठेवला. तो अधिक निघाला! आकड्याने माणसाचे पोट भरते का, हे त्यांनी विचारले, म्हणून त्या आकड्याला धार आली.

आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यातले जातेगाव बुद्रुक आपणा सर्वांस ठाऊक आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ना. वि. कानिटकर यांनी त्या गावाची घरोघर पाहणी केली व १९२१ साली तिचे पुस्तक प्रसिद्ध केले. जमीन किती, पीक किती, कर्ज किती आणि पोटाला लागते किती, असा एकेका कुटुंबाचा ताळेबंद त्यांनी मांडला. बहुतेक कुटुंबांची तोंडमिळवणी होत नाही, असे त्यातून दिसले. गावाच्या सरासरीत जे झाकले जाते, ते घराच्या हिशेबात उघडे पडते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. महालनोबीस अध्यक्ष, आणि सभासदांत आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. अशा थोर लोकांनी ही मोजणी पक्क्या पायावर उभी केली. पण जगभर जो संकेत चालत आला, तोच आपल्याकडेही राहिला. तो असा की, घरातल्या बाईचे बिनपगारी काम उत्पन्नात धरायचे नाही.

त्याचा अर्थ पाहा. शेतात पिकवून घरीच खाल्लेली ज्वारी राष्ट्रीय उत्पन्नात मोजली जाते. पण त्या ज्वारीची भाकरी तुम्ही घरी थापली, तर तुमच्या कष्टाची किंमत शून्य. तीच भाकरी सोलापूर रस्त्यावरच्या खानावळीत थापली, तर देशाचे उत्पन्न वाढले! २०१९ साली सरकारने लोकांच्या वेळेची देशभर पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची रोज सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. असे काम करणाऱ्या पुरुषांची मिनिटे ९७ भरली. हे पाच तास राष्ट्राच्या वहीत कोठेच चढत नाहीत.

याच्या उलट, जे वजा व्हायला हवे ते कधी कधी जमेला धरले जाते. आपला मुलूख उसाचा. तोडणीला बीडकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची राज्य सरकारच्या समितीने २०१९ साली पाहणी केली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या. आता हिशेब असा होतो की, साखर वाढली, उत्पन्न वाढले; खासगी दवाखान्याने शस्त्रक्रियेची फी घेतली, तेही उत्पन्न वाढले. आणि त्या माऊलीचे जे गेले, ते वजा करायला वहीत रकानाच नाही.

म्हणून काही विचारवंत म्हणाले, की उत्पन्न राहू द्या, सुखच मोजा. भूतानचे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७० नंतरच्या दशकात ही कल्पना मांडली आणि २००८ च्या राज्यघटनेत तिला जागा मिळाली. तेथे आरोग्य, शिक्षण, राहणीमान, निसर्ग, शेजारधर्म अशा नऊ अंगांनी लोकांची पाहणी होते. त्यांत ‘वेळ’ हे एक अंग आहे, आणि बाईचे घरकाम तेथे काम म्हणूनच धरतात. हे मला फार मोलाचे वाटते.

पण भगिनींनो, सुखाच्या मापालाही भोक असते. त्याच भूतानातून १९९० च्या सुमारास नेपाळी बोलणाऱ्या सुमारे एक लाख लोकांना देशाबाहेर जावे लागले आणि नेपाळातल्या छावण्यांत वर्षानुवर्षे दिवस काढावे लागले. ज्यांना दाराबाहेर काढले, त्यांना कोण विचारणार, ‘तुम्ही सुखी आहात का?’

दुसरा धोका आपल्या अधिक जवळचा आहे. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ साली कलकत्त्याजवळ सिंगूर येथे आरोग्याची एक पाहणी झाली. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी तिचा दाखला दिला आहे. प्रकृती बरी नाही किंवा यथातथाच आहे, असे सांगणारे विधुर ४८.५ टक्के निघाले. विधवा किती? अवघ्या २.५ टक्के! त्या विधवा का धडधाकट होत्या? नाही. आपल्या दुखण्याला दुखणे म्हणायचे असते, हेच त्यांना कोणी शिकवले नव्हते.

आपल्या घरी पाहणीवाला आला आणि सासूबाईंच्या, धन्याच्या देखत सुनेला विचारले, ‘बाई, सुखी आहेस ना?’ तर ती पदर सावरून म्हणेल, ‘बरं चाललंय की.’ तो वहीत ‘सुखी’ लिहून पुढच्या घरी जाईल. समाधान हा मोठा गुण आहे, आपल्या संतांनी तो शिकवला. पण स्वतः होऊन धरलेले समाधान वेगळे आणि दुसऱ्याने गळ्यात घातलेले वेगळे. नुसत्या ‘सुखी आहेस का’ या प्रश्नाने सरकारची सोय होते, बाईची होत नाही.

मग करावे काय? मला वाटते, उत्तर विचारण्यापेक्षा खुणा मोजाव्यात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. ‘बरं चाललंय’ म्हणणारीचे रक्त खोटे बोलत नाही.

हे काम आपले मंडळ वरवंडात करू शकते. प्रत्येक सभासद बाईने आपल्या आळीतल्या दहा घरी जावे आणि चारच गोष्टी टिपाव्यात. या बाईचे रक्त या वर्षी तपासले का? दिवसाकाठी तिचा स्वतःचा असा एक तास असतो का? सातबाऱ्यावर किंवा घराच्या उताऱ्यावर तिचे नाव आहे का? आणि दुखले-खुपले तर कोणाला न विचारता दवाखान्यात जाण्याइतके पैसे तिच्या हाती असतात का? विचारायचे ते तिला एकटीला, चुलीपाशी बसून. नावे बाहेर फोडायची नाहीत, आकडे तेवढे ग्रामसभेत ठेवायचे. पुढच्या वर्धापनदिनी तेच आकडे पुन्हा घ्यायचे, म्हणजे गाव पुढे गेले की मागे, ते कळेल.

उत्पन्न वाढावे, उसाला भाव मिळावा, यात आपले दुमत नाही. रिकाम्या पोटी कसले सुख? पण पिकलेले घरातल्या प्रत्येकीपर्यंत पोहोचले की नाही, हे पाहणारे माप दिल्लीहून येण्याची वाट पाहत बसू नका. पायली आपल्या घरी आहे, मोजणारे हातही आपलेच आहेत.