रकान्यांत न मावणारी माणसे





जात, वर्ग आणि लिंगभाव यांचा अभ्यास सामाजिक शास्त्रांत दीर्घकाळ निरनिराळ्या रकान्यांत होत आला. माणूस मात्र ही ओझी एकाच वेळी वाहतो. ती एकत्र तपासणारे ते आंतरछेदी संशोधन. १९८९ साली अमेरिकन विधिज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी ही संकल्पना मांडली. त्यांनी अभ्यासलेल्या एका खटल्यात कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्सविरुद्ध दाद मागितली होती. कंपनी स्त्रियांना नेमत होती, अर्थात गोऱ्या स्त्रियांना. तेवढ्यावरून लिंगभेदाची तक्रार निकालात निघाली. वर्ण आणि लिंग एकत्र धरून दाद मागण्याची मुभा न्यायालयाने दिली नाही.

संज्ञा नवी असली तरी जाणीव मराठीत जुनी आहे. फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे हिने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. त्यात तिने छपराविना बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल सांगितले. हे दुःख केवळ जातीचे म्हणावे, की केवळ स्त्रीत्वाचे?

१९८९ सालीच ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचा ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ आला. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती हा त्याचा मोठा आधार. जेथे कागद मौन पाळतात, तेथे स्मृतीकडे जावे लागते. परंतु स्मृती तारखा विसरते. ती कागदांशी ताडून पाहावी लागते. घरच्या माणसांदेखत स्त्री मोकळेपणी बोलतेच असे नाही. आणि भाषेचा अभ्यासक म्हणून मला आणखी एक धोका दिसतो: बोलीतील कथन प्रमाण मराठीत ‘शुद्ध’ करताना पुष्कळदा पुरावाच पुसला जातो.

आता आपल्या इंदूरकडे पाहू. हुकूमचंद मिल १९९१ साली बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न २०२३ च्या अखेरीस मार्गी लागला. थकबाकीच्या यादीत कामगाराचे नाव असते. मधली ३२ वर्षे घर कोणी चालवले, कोणत्या कामावर चालवले, ते काम मिळताना जात आड आली की उपयोगी पडली, हे ती यादी सांगत नाही. त्यासाठी वस्त्यांत जाऊन मायलेकींना स्वतंत्रपणे भेटावे लागेल, त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत लिहावे लागेल आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे लागेल.

त्या पिढीतील स्त्रिया आता थकल्या आहेत. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी ते हाती घेतले, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी मानीन.