‘हिंदी’ नावाचं अरबी अत्तर

आकाशवाणीवरून गाणं पोचतं, बातमी पोचते, शेजारच्या स्टुडिओतला खोकलाही कधी कधी पोचतो. वास मात्र पोचत नाही. त्यामुळे आज मी ज्याविषयी बोलणार आहे, ते तुम्हाला निव्वळ माझ्या शब्दांवर भरवसा ठेवून ऐकावं लागेल. विषय आहे अत्तर. तेही मोगरा-गुलाबाचं नव्हे. आखातातून आलेल्या पाहुण्याची बॅग उघडली की घरभर पसरतं ते, ऊबदार, गोडसर, लाकडाच्या वासाचं. आपल्याकडे त्याला सरसकट ‘अरबी अत्तर’ म्हणतात.

वास कसा, हे सांगायचं तर जुन्या सागवानी कपाटात कुणी गुळाची ढेप ठेवली आहे, खालच्या खणात चामड्याची वही आहे, आणि मघाशीच शेजारच्या खोलीत कुणीतरी धूप घालून गेलं आहे, अशी कल्पना करा. फुलाचा वास समोरून येतो. हा वास पाठीमागून येतो आणि खांद्यावर हात ठेवतो.

त्यात मुख्य तीन गोष्टी. ऊद, अंबर आणि चंदनासारखं एखादं मऊ लाकूड. कधी गुलाब, कधी केशर, पण ती पाहुणी मंडळी.

अंबराबद्दल आधी सांगून टाकतो, कारण तिथे घोटाळा फार. खरा अंबर म्हणजे स्पर्म व्हेल माशाच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ. वर्तमानपत्रं त्याला ‘व्हेल माशाची उलटी’ म्हणतात, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ती विकताना अमुक जण पकडले, अशा बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा मासा संरक्षित आहे, त्यामुळे ती बाळगणं आणि विकणं दोन्ही गुन्हा. मग दुकानातल्या बाटलीवर ‘अंबर’ लिहिलेलं असतं ते काय? ते लोबानासारखी राळ, भूमध्य सागराकाठच्या एका झुडपाचा चीक आणि व्हॅनिला यांचं मिश्रण. गोडवा येतो तो तिथून. कस्तुरीचंही तेच. कस्तुरीमृगाला कायद्याचं संरक्षण आहे आणि बाटलीतली कस्तुरी कारखान्यात बनते. ‘असली अंबर, असली कस्तुरी’ म्हणणाऱ्या दुकानदाराला सलाम करावा आणि पुढच्या दुकानात जावं.

ऊदाची गोष्ट मात्र मोठी आहे. आसामात सांची नावाचं एक झाड आहे. अगरू म्हणतात ते हेच. त्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत, त्यांना सांचीपात म्हणतात. सातव्या शतकात कामरूपच्या भास्करवर्म्यानं हर्षवर्धनाला पाठवलेल्या भेटींमध्ये अगरूच्या सालीवरची पुस्तकं होती आणि काळ्या अगरूचं तेलही होतं, असं बाणभट्टानं नोंदवलं आहे. म्हणजे एकाच झाडाचं पुस्तक आणि अत्तर. कवीला याहून काय हवं?

पण निरोगी सांचीच्या लाकडाला वास नसतो. एक अळी खोडात भोकं पाडते, त्या जखमेतून बुरशी शिरते, आणि झाड स्वतःला वाचवण्यासाठी तिथे काळी राळ साठवू लागतं. त्या राळेनं भरलेलं लाकूड म्हणजे अगर. राळ जितकी जास्त, तितकं लाकूड जड. ‘अगुरु’ याचा शब्दशः अर्थ ‘जड नसलेलं’, आणि उत्तम अगराची परीक्षा अशी की ते पाण्यात बुडालं पाहिजे! ही परीक्षा अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’लाही ठाऊक होती. अकबराच्या दरबारात सुगंधांचं वेगळं खातंच होतं.

या लाकडाचे तुकडे पाण्यात कित्येक दिवस भिजवत ठेवतात, ते आंबतात, मग भट्टीवर चढवून तेल काढतात. आंबवण्यामुळे आसामी ऊदाला पहिल्यांदा चक्क गोठ्याचा वास येतो. नवखा माणूस नाक मुरडतो. अर्ध्या तासानं गोठा निघून जातो आणि मागे गोड, काळसर लाकूड उरतं. आसामातलं होजाई हे गाव या व्यापारासाठी जगभर प्रसिद्ध आहे. माल तिथून मुंबईला यायचा, मुंबईहून आखातात जायचा. रानातली झाडं इतकी तोडली गेली की 1995 पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. आता आसामात लोक परसात सुपारीच्या झाडांमध्ये सांची लावतात.

आता मला जे सांगायचं आहे ते. माझे अब्बा 1976 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावातून कुवेतला गेले. एका गोदामात हिशेब लिहायचे. दोन वर्षांनी एकदा यायचे, आणि येताना ऊदाची बोटभर कुपी आणायचे. एकदा मी त्यांना विचारलं, तिकडे याला काय म्हणतात? अब्बा हसले. म्हणाले, ‘‘हिंदी.’’ तिथल्या बाजारात कंबोडी ऊद असतो, तो अधिक गोड, फळासारखा. आणखीही देशांचे असतात. पण जुन्या अरब गिऱ्हाइकाला आसामचाच लागतो. त्या बाटलीला ते ‘हिंदी’ म्हणतात, आणि ती मानाच्या फळीवर असते. मोजतातही तोळ्यात. भारतातून गेलेलं माप तिकडच्या अत्तराच्या दुकानांत टिकून आहे. आपल्याकडे मात्र तोळा आता सोनाराकडेच उरला.

म्हणजे जे अत्तर लावून मी पुण्यात बसमध्ये चढलो की ‘अरबी’ होतो, तेच अत्तर कुवेतच्या दुकानात ‘हिंदी’ असतं. या गोष्टीनं मला पुष्कळ वर्षं करमणूक पुरवली आहे आणि थोडा त्रासही दिला आहे.

1990 च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं. लाखाहून अधिक भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानहून विमानांनी परत आणलं गेलं, त्यांत अब्बा होते. चौदा वर्षांचा संसार तिकडेच राहिला. घरी आले तेव्हा अंगावरच्या सदऱ्याच्या खिशात पासपोर्ट, चष्मा आणि पाव तोळ्याची अर्धी भरलेली कुपी होती. अम्मीनं विचारलं, एवढंच? ते म्हणाले, ‘‘हे तर इथलंच आहे, परत आणलं.’’ पुढे त्यांनी गावात किराण्याचं दुकान टाकलं आणि कुवेतचं नाव फारसं काढलं नाही. ती कुपी ईदच्या दोन सकाळी उघडत. बारा वर्षं पुरली.

आता निवडायचं कसं? मुंबईत मोहंमद अली रोडला, मिनारा मशिदीच्या आसपास अत्तरवाल्यांची दुकानं आहेत. रमजानच्या रात्री जाऊ नका. गर्दीत आणि कबाबाच्या धुरात नाक काम करत नाही. साध्या दिवशी सकाळी जा. दुकानदार काचेची काडी मनगटावर टेकवील आणि लगेच दुसरी कुपी उघडील. त्याला थांबवा. एका हाताला एक, दुसऱ्या हाताला एक, बस्स. मग दुकानातून बाहेर पडा, चहा प्या, तासभर फिरा. पहिल्या पाच मिनिटांत जे आवडतं ते बहुधा साखर असते. तासानंतर मनगटावर जे उरतं ते तुमच्याबरोबर राहणार आहे. चोळू नका, नुसतं सुकू द्या.

शुद्ध ऊदतेल स्वस्तात मिळत असेल तर ते शुद्ध नाही, एवढं नक्की समजा. पण म्हणून मिश्रणाला नाक मुरडायचं कारण नाही. अरबीत मुखल्लत म्हणजे मिश्रणच, आणि चांगला मुखल्लत बांधणं ही कला आहे. आमच्यासारख्यांनी तोच घ्यावा. मी तोच घेतो.

लावायचं किती, यावर मात्र माझं मत कडक आहे. आंघोळीनंतर, कोरड्या अंगाला, कानामागे एक टिपका आणि कोपराच्या आतल्या बाजूला एक. पांढऱ्या कपड्यावर लावू नये, तेलाचा डाग जात नाही. कानात अत्तराचा फाया ठेवणारी पिढी शहाणी होती, कारण कापूस वास हळूहळू सोडतो. हे अत्तर थंडीचं. डिसेंबरात ते शालीसारखं वाटतं. मे महिन्यात लोकलच्या डब्यात तेच दुसऱ्यावर अन्याय करतं. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत जाऊ नये, असं आम्हाला लहानपणी शिकवलं गेलं. का, तर शेजारच्याला त्रास होतो. सुगंधालाही मी तोच नियम लावतो. हात मिळवताना कळावं, जिन्यात कळू नये.

काही वर्षांपूर्वी पुण्यात भाड्यानं घर शोधत होतो. दलाल भला माणूस होता. दोन घरं दाखवून झाल्यावर जरा घुटमळत म्हणाला, ‘‘सर, उद्या मालकांकडे जाताना ते अत्तर नका लावू. उगाच...’’ पुढचं वाक्य त्यानं सोडून दिलं. मी त्याच्यावर रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कानामागे एक टिपका लावला आणि गेलो. मालकांनी चहा दिला, कवितेबद्दल आस्थेनं विचारलं, पूर्ण नाव विचारलं, आणि संध्याकाळी निरोप आला की त्यांचा पुतण्या राहायला येतोय. बैठकीच्या खोलीत देवासमोर उदबत्ती जळत होती. चांगल्या प्रतीची होती. तिच्यातला ‘ऊद’ हा शब्द अरबी आहे आणि अगरबत्तीतला ‘अगर’ आपला, हे त्यांना सांगायला मला आवडलं असतं. पण घर बघायला गेलेल्या माणसानं व्युत्पत्ती सांगू नये.

आणखी एक गंमत सांगतो. आखातात पाहुण्यांचं जेवण झालं, कॉफी झाली की यजमान निखाऱ्यावर ऊदाचा तुकडा ठेवून धुपाटणं फिरवतो. पाहुणे दाढीला, कपड्यांना धूर घेतात. त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. ऊद फिरला की बसणं संपलं, आता उठा. अब्बांनी हे सांगितलं तेव्हा आमच्या शेजारच्या जोशीकाकू खळखळून हसल्या. म्हणाल्या, ‘‘अहो, मग आमचं अत्तरगुलाब काय वेगळं?’’ खरंच आहे. मनगटाच्या मागच्या बाजूला अत्तराचं बोट फिरलं, गुलाबपाणी शिंपडलं, पानसुपारी झाली की समारंभ संपला, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. दरबारातही अत्तर-विडा दिला की भेट आटोपली. हळदीकुंकवाला काकू माझ्या अम्मीच्या हाताला हिना लावायच्या, ईदला अम्मी काकूंच्या हाताला ऊद लावायची. काकूंना तो आवडायचा नाही, गोठ्याची आठवण येते म्हणायच्या. तरी हात पुढे करायच्या.

माझी मुलगी हिंजवडीत नोकरी करते. वातानुकूलित कचेरीत दिवसभर बसते, त्यामुळे तिला मे महिन्याचीही अडचण नाही. गेल्या हिवाळ्यात ती पहिल्यांदा माझ्याबरोबर मोहंमद अली रोडला आली. दुकानदारानं तिच्यासमोर गुलाब, मोगरा, ‘लेडीज’ असं म्हणत पाच-सहा कुप्या मांडल्या. तिनं त्या बाजूला केल्या आणि वरच्या फळीकडे बोट दाखवलं. एक टिपका मनगटावर घेतला, नाक मुरडलं, आणि न सांगता बाहेर चहा प्यायला गेली. सव्वा तासानं परत आली. ‘‘पाव तोळा द्या,’’ म्हणाली. दुकानदारानं तीन मिलीची कुपी भरली, बूच बसवलं, चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर उर्दूत लिहिलं. तिला उर्दू वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. ‘हिंदी’ एवढंच होतं.