ताओपंथी मठांतील प्रातःपाठ

बीजिंग शहराच्या जुन्या तटाबाहेर, पश्चिमेच्या अंगास, एक पुरातन मठ आहे. चिनी भाषेंत त्याला बाइयुन ग्वान म्हणतात. त्याचा अर्थ शुभ्र मेघांचें मंदिर. ताओ धर्माच्या छ्वानचन शाखेचें हें मुख्य पीठ होय. या शाखेच्या मठांत दिवसाचा आरंभ पहाटेच्या पाठानें होतो. गडद निळे झगे घातलेले, माथ्यावर केंसांचा बुचडा बांधलेले साधू देवासमोर उभे राहतात. कांशाच्या पात्राचा नाद होतो, आणि मग लाकडी मासोळीच्या ठेक्यावर, एका ठोक्यास एक अक्षर याप्रमाणें, सर्वांचे कंठ एकदम चालूं लागतात. लाकडी मासोळी म्हणजे माशाच्या आकाराचें, आंतून पोकळ कोरलेलें एक तालवाद्य.

या पाठाला चिनी भाषेंत जो शब्द आहे, तो लक्षांत ठेवण्यासारखा आहे. शाळेंतील मुलाला रोज करावयास दिलेल्या अभ्यासाला चिनी माणूस ‘कुंगख’ म्हणतो. साधूंच्या सकाळ-संध्याकाळच्या पाठालाहि हाच शब्द आहे. म्हणजे हा उत्सव नव्हे, चमत्कारहि नव्हे. हा धडा आहे. काल केला म्हणून आज त्यांतून सुटका नाहीं, आणि आज चुकला तर उद्यां दुप्पट करून तो भरून निघत नाहीं.

पाठाचा क्रम ठरलेला असतो. आरंभीं मनाच्या शुद्धीचा मंत्र, मग मुखाच्या, आणि त्यानंतर देहाच्या शुद्धीचा. पुढें स्थानदेवतेला शांतवावयाचें, आणि आकाश व पृथ्वी यांची शुद्धि चिंतावयाची. एवढी पूर्वतयारी झाल्यावर सूत्रांचें पठण होतें. त्यांपैकीं शुद्धता आणि शांति यांविषयींचें एक सूत्र अवघ्या चारशें अक्षरांच्या आसपास आहे. वासनांची ओढ शमली म्हणजे गढूळ पाणी निवळावें तसें मन आपोआप स्वच्छ होतें, हा त्याचा मथितार्थ. जग सुधारण्यापूर्वीं आपलें मन आणि आपली जीभ तपासावी, हेंच या क्रमानें साधकाला रोज नव्यानें शिकविलें जातें.

परंतु या सर्वांचा आरोग्याशीं संबंध काय? तो समजण्यास यिन आणि यांग या दोन शब्दांचा मूळ अर्थ पाहावा लागतो. हे शब्द कानीं पडले कीं कांहीं तरी गूढ विद्या असावी असें वाटतें. वस्तुतः त्यांचा जन्म शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर झाला आहे. डोंगराची उन्हाची बाजू ती यांग, आणि सावलीची बाजू ती यिन. डोंगर एकच असतो. दिवस कलला कीं सावली सरकते, आणि सकाळीं जेथें ऊन होतें तेथें सायंकाळीं छाया येते. पुढें यांग या शब्दांत उष्णता, दिवस व हालचाल यांचा, आणि यिन या शब्दांत थंडावा, रात्र व विश्रांति यांचा समावेश झाला. यांपैकीं एक चांगलें आणि दुसरें वाईट असें मात्र चिनी विचारवंत मानीत नाहींत. एकाच्या पोटांत दुसऱ्याचें बीज असतें, आणि कोणतेंहि एक मर्यादेबाहेर वाढलें कीं अनर्थ होतो.

प्रातःपाठाची वेळहि याच विचारानें ठरली आहे. जुन्या चिनी कालगणनेंत अहोरात्राचे बारा भाग असत, व प्रत्येक भाग दोन तासांचा. मध्यरात्रीं यिन परमावधीस पोंचतें, आणि त्याच क्षणीं यांग जन्म घेतें. पहाटे पांच ते सात या भागांत उजेड अंधाराला मागें सारतो. सायंकाळीं पांच ते सात या भागांत त्याच्या उलट घडतें. प्रातःपाठ व सायंपाठ यांच्या परंपरागत वेळा याच होत. दिवस-रात्रीचे दोन्ही सांधे असे बांधून घेतले म्हणजे मधला दिवस आणि मधली रात्र आपापल्या मापांत राहते, अशी ही कल्पना आहे.

चिनी वैद्यकानें हीच कल्पना शरीराला लाविली. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं सिद्ध झालेल्या ‘ह्वांगदी नेइचिंग’ या वैद्यकग्रंथांत यांग अधिक झाल्यास दाह व यिन अधिक झाल्यास शैत्य होतें असें मानलें आहे. त्यांतील ऋतुचर्येचें प्रकरण तर मोठें व्यवहारी आहे. वसंतांत आणि ग्रीष्मांत रात्रीं उशिरां निजून सकाळीं लवकर उठावें. शरदांत लवकर निजून कोंबड्याबरोबर उठावें. हिवाळ्यांत लवकर निजावें आणि सूर्य वर येईपर्यंत अंथरूण सोडूं नये. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा, मराठी माणसाच्या नित्य बोलण्यांतला दृष्टांत त्याच प्रकरणाच्या शेवटीं आढळतो. रोग जडल्यावर धांवण्यापेक्षां तो जडूं न देणें शहाणपणाचें, असा त्याचा रोख आहे.

हें शहाणपण चीनमधील सर्वांनाच पचलें असें नाहीं. रोजच्या नेमापेक्षां एखादी गोळी गिळून अमर होणें मनुष्याला नेहमींच सोपें वाटतें. कित्येक किमयागारांनीं हिंगुळापासून अमरत्वाचीं औषधें सिद्ध केलीं. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचें संयुग. थांग घराण्याचे एकाहून अधिक सम्राट असलीं औषधें घेऊन प्राणांस मुकले. ८४६ सालीं ऐन तिशींत वारलेला सम्राट वूत्सुंग हा त्यांचाच बळी समजला जातो. ज्याच्या हातांत अवघें साम्राज्य, त्याच्या हातांत स्वतःचा श्वास मात्र राहिला नाहीं.

या पार्श्वभूमीवर च्यू छूची या साधूची कथा विशेष उठून दिसते. चेंगीझखानानें त्याची कीर्ति ऐकून त्याला बोलावणें पाठविलें. सत्तरी उलटलेला हा वृद्ध १२२० सालीं निघाला आणि पर्वत व वाळवंटें ओलांडून १२२२ सालीं हिंदुकुशाच्या परिसरांत खानाच्या छावणींत पोंचला. खानानें पहिलाच प्रश्न केला तो अमरत्वाच्या औषधाविषयीं. ज्याच्या एका शब्दानें नगरें बेचिराख होत, त्याच्यासमोर खोटी आशा दाखविणें सोपें होतें आणि सुरक्षितहि होतें. साधूनें उत्तर दिलें कीं, जीवन जपण्याचे मार्ग आहेत, पण अमर करणारें औषध नाहीं. खान रागावला नाहीं. त्या सरळपणाचें त्याला कौतुकच वाटलें. पुढें साधूनें त्याला वासना आवरण्याचा आणि हत्या टाळण्याचा उपदेश केला.

जीवन जपण्याच्या मार्गांत श्वासाला ताओपंथीयांनीं मोठें स्थान दिलें आहे. थाओ होंगचिंग (४५६–५३६) या विद्वानानें श्वास आंत घेण्याची एक आणि बाहेर सोडण्याच्या सहा रीती सांगितल्या आहेत. प्रत्येक रीतीचा उच्चार वेगळा. पठणांतहि हेंच घडतें. लांब ओळ एका दमांत म्हणावयाची म्हणजे उच्छ्वास लांबतो आणि श्वासाची घाई संपते. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटाला बारा ते वीस वेळां श्वास घेतो. इटलींतील लुचियानो बर्नार्दी आणि त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकांत एक प्रयोग प्रसिद्ध केला. २३ निरोगी माणसांनीं लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे ॐ’ हा मंत्र म्हटला; दोहोंनींहि श्वासाची गति मिनिटाला सहांच्या जवळ आली, आणि रक्तदाबाचा तोल सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झालेली दिसली. हा प्रयोग ताओपंथी पाठाचा नव्हता, आणि २३ माणसांवरून साऱ्या जगाचा निकाल लावतां येत नाहीं. तरी संथ लयीच्या पठणाचा परिणाम शरीरावर होतो, एवढें त्यावरून म्हणतां येतें.

यापलीकडे मात्र जाऊं नये. पाठानें जंतु मरत नाहींत, मोडलेलें हाड सांधत नाहीं. रोग झाला असतां वैद्य सोडून मंत्र धरणें म्हणजे डोंगराची एकच बाजू पाहणें होय. पाठाचा अतिरेक करून झोंप घालविणें हाहि असमतोलच.

१९६६ सालीं सुरू झालेल्या सांस्कृतिक क्रांतींत चीनमधील मंदिरें बंद पडलीं आणि साधू पांगले. पहाटेची लाकडी मासोळी मुकी झाली. १९८० नंतरच्या वर्षांत मठांचीं दारें पुन्हां उघडलीं, आणि वृद्ध साधूंनीं नव्या शिष्यांना पुन्हां पहिल्या अक्षरापासून धडा दिला.

अमरत्वाचें औषध मागणारा चेंगीझखान आणि तें नाहीं असें सांगणारा च्यू छूची हे दोघेहि १२२७ या एकाच सालीं वारले. साधूचा देह बाइयुन ग्वानमध्यें विसांवला आहे. त्यानें अमर होण्याचें आश्वासन कोणालाहि दिलें नाहीं. पण त्याच्या पंथाचा पहाटेचा धडा त्याच आवारांत आजहि म्हटला जातो.